गणपतीला ठाण्याहून कुडाळ, पहिल्यांदाच स्वतः गाडी चालवत: रस्ता, वेळ आणि सुरक्षितता

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: ठाण्याहून कुडाळला जायचंय, गणेश चतुर्थीच्या दोन दिवस आधी. लहान हॅचबॅक, सोबत आई-वडील, पत्नी आणि चार वर्षांची मुलगी. परवाना दोन वर्षांपूर्वीचा, ड्रायव्हिंग बहुतेक शहरातलं. मित्र सांगतायत की रात्री अकराला निघ, रस्ता मोकळा मिळतो. राष्ट्रीय महामार्ग ६६ ने जावं की कोल्हापूरवरून, आणि रात्री निघावं का, हे तुमचे दोन प्रश्न.

आधी सरळ उत्तर. महामार्ग ६६ नेच जा. रात्री निघू नका. पूर्ण झोप घेऊन पहाटे साडेचार-पाचला निघा. आणि शक्य असेल तर दोन नाही, तीन-चार दिवस आधी जा. त्याच दिवशी कुडाळ गाठायचंच असा हट्ट धरू नका. चिपळूण साधारण अर्ध्या वाटेवर आहे. दुपारी तिथे पोहोचेपर्यंत अंग मोडून आलं असेल तर तिथेच मुक्काम करा.

मी या रस्त्यावर वर्षानुवर्षं प्रवासी गाड्या चालवल्या आणि आता व्यावसायिक चालकांना शिकवतो. नव्या चालकाला मी या रस्त्याबद्दल पहिली गोष्ट सांगतो ती खड्ड्यांची नसते. खड्डे दिसतात, गाडी हळू होते, फार तर टायर फुटतो, रिम वाकते. माणसं दगावतात ती चांगला रस्ता जिथे संपतो तिथे.

हे नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे. पूर्वी हा महामार्ग क्रमांक १७ होता. पनवेल ते इंदापूर हा ८४ किलोमीटरचा टप्पा चौपदरी करायचं काम २०११ मध्ये सुरू झालं, त्यापुढची कामं नंतर वेगवेगळ्या टप्प्यांत, वेगवेगळ्या ठेकेदारांना दिली गेली. कुठे काम झपाट्याने झालं, कुठे भूसंपादनात अडकलं, कुठे ठेकेदार बदलले. परिणाम असा, की एकाच प्रवासात तुम्हाला गुळगुळीत चौपदरी काँक्रीट, जुना दुपदरी डांबरी रस्ता, बाजारपेठेतून जाणारी अरुंद वाट आणि अर्धवट पुलाच्या बाजूने काढलेलं डायव्हर्जन हे सगळं आलटून पालटून भेटतं. या तुकड्यांच्या प्रत्येक जोडावर तुमचा वेग, तुमची लेन आणि समोरून येणाऱ्याशी असलेलं तुमचं नातं बदलतं. आत्तापर्यंत दुभाजकापलीकडे असलेली गाडी अचानक तुमच्या समोर येते.

त्यात शरीर फसवतं. अर्धा तास ऐंशी-नव्वदने गेल्यावर साठचा वेग चाळीससारखा वाटतो. म्हणून जोडावर अंदाजाने वेग कमी करू नका. काट्याकडे बघा आणि खरोखर चाळीसवर आणा. जोड जवळ आल्याच्या खुणा फलकांच्या आधी दिसतात: रस्त्यावर तांबडा चिखल किंवा खडी पसरलेली, पांढरे पट्टे गायब, दुभाजकाच्या जागी पिवळे-काळे ब्लॉक किंवा पिंप, पुढच्या ट्रकचे ब्रेकलाइट एकामागून एक लागत जाणं. यातलं काहीही दिसलं की पाय ॲक्सिलरेटरवरून काढा. फलक येईल तेव्हा येईल, आणि पावसात तो कित्येकदा पडलेला किंवा चिखलाने माखलेला असतो.

आता रात्रीबद्दल. रस्ता मोकळा मिळतो हे तुमच्या मित्रांचं म्हणणं एरवी काही अंशी खरं आहे, पण गणपतीच्या आठवड्यात सगळेच तसा विचार करतात, म्हणून रात्री अकराला पेण-वडखळला गाड्यांची रांग लागलेली असते. ती कोंडी ओलांडेपर्यंत एक-दीड वाजतो. मग माणूस वैतागलेला असतो, वेळ भरून काढायला वेग वाढवतो, आणि नेमकं दोन ते पाच या वेळात, जेव्हा झोप शरीराला सगळ्यात जास्त ओढते, तो महाड-पोलादपूर-खेडच्या पट्ट्यात असतो. १९ मार्च २०१३ ला खेडजवळ जगबुडीच्या पुलावरून खासगी आरामबस नदीत कोसळली आणि ३७ माणसं गेली, ती पहाटे तीनच्या सुमारास. जानेवारी २०२३ मध्ये माणगावजवळ रेपोलीला ट्रक आणि प्रवासी गाडीची समोरासमोर धडक होऊन दहा जणांचा जीव गेला, तोही पहाट व्हायच्या आधी. दिवसभर ऑफिस करून, सामान भरून, रात्री स्टिअरिंगवर बसणारा माणूस बसतानाच थकलेला असतो. चहा, गाणी, खिडकी उघडून वारा घेणं यांनी झोप जात नाही, फक्त थोडा वेळ कळेनाशी होते. डोळे जड झाले, मागचे दोन किलोमीटर कसे गेले ते आठवेना, गाडी पट्ट्यावर सरकायला लागली, तर ती गाडी थांबवायची वेळ आहे. पंपावर किंवा ढाब्याच्या उजेडात लावा आणि वीस मिनिटं झोपा. काचा थोड्या उघड्या ठेवा. बंद गाडीत एसी आणि इंजिन चालू ठेवून झोपू नका.

रात्रीचं दुसरं कारण साध्या गणिताचं आहे. हेडलाइट डिपरवर, म्हणजे खालच्या झोतावर, असताना तुम्हाला समोरचं स्पष्ट दिसतं ते पन्नास-साठ मीटरपर्यंत. ताशी ८० च्या वेगात गाडी सेकंदाला बावीस मीटर जाते. काही दिसलं, मेंदूला कळलं, पाय ब्रेकवर गेला यात दीड सेकंद धरला तर तेहतीस मीटर तिथेच संपले; त्यापुढे ओल्या रस्त्यावर थांबायला आणखी पन्नास-पंचावन्न मीटर. म्हणजे जवळजवळ नव्वद मीटर लागणार आणि दिसतायत साठ. रस्त्यात बसलेली गाय तुम्हाला दिसेल, ब्रेकही लागेल, आणि तरी धडक होईल. साठच्या वेगात हाच हिशेब पंचावन्न मीटरच्या आसपास येतो. म्हणून पावसाळी रात्री साठ ही वरची मर्यादा, चालक कितीही तयारीचा असो. हा हिशेबही चांगले टायर आणि ताजातवाना चालक धरून आहे.

गुरांचं मी उगाच लिहिलं नाही. पावसाळ्यात गोठ्यात चिखल, माश्या, आणि डांबर किंवा काँक्रीट दिवसाची ऊब धरून ठेवतं, म्हणून गुरं रात्री रस्त्यावर येऊन बसतात. काळी म्हैस ओल्या काळ्या डांबरावर अगदी जवळ येईपर्यंत दिसत नाही. समोरून कुणी अप्पर, म्हणजे वरचा झोत, मारत असेल तर आंधळेपणाचे ते दोन-तीन सेकंद तुमच्या नशिबावर जातात. अशा वेळी दिव्यांकडे न बघता आपल्या डाव्या पांढऱ्या पट्ट्याकडे बघा आणि वेग उतरवा. उलट अप्पर मारू नका. मग दोघंही आंधळे होतात.

आता रस्ता टप्प्याटप्प्याने. निघायच्या आदल्या दिवशी ताजी स्थिती तपासाच, कारण डायव्हर्जन आठवड्याला बदलतं. पण प्रत्येक टप्प्याचा स्वभाव बदलत नाही.

पळस्पे फाट्यावरून कर्नाळा, पेण, वडखळ, नागोठणे हा भाग गर्दीचा आहे. वडखळला अलिबागची वाहतूक मिळते. इथे धोका कमी, त्रास जास्त. कोंडी फार असेल तर द्रुतगती मार्गाने खोपोलीला उतरून पालीमार्गे वाकण फाट्याला महामार्गावर येता येतं. तो रस्ता बऱ्यापैकी आहे, पण सणाच्या दिवसांत तिकडेही गर्दी वळते, आणि रात्री अनोळखी माणसाला मी तो सुचवत नाही. नागोठण्यापुढे सुकेळी खिंड लागते. चढ-वळणं लहान, पण अवजड गाड्या रांगतात आणि मागचे उतावीळ होतात. कोलाडपासून इंदापूर-माणगाव बाजारपेठांतून जावं लागतं, कारण इथल्या बायपासची कामं वर्षानुवर्षं रेंगाळली. माणगावला ताम्हिणी घाटातून पुण्याकडची वाहतूकही येऊन मिळते. इथे तास-दीड तास जाऊ शकतो असं धरूनच निघा. ज्याने वेळ धरलेली असते तो कोंडीतून सुटल्यावर पिसाटासारखा पळत नाही.

महाड आणि पोलादपूर. पावसाळ्यात या पट्ट्याचा आदर करा. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा ब्रिटिशकालीन दगडी पूल पुरात वाहून गेला आणि दोन एसटी बस इतर वाहनांसह नदीत गेल्या. नवा पूल पुढच्या पावसाळ्यापर्यंत उभा राहिला. २२ जुलै २०२१ ला महाड आणि चिपळूण दोन्ही बुडाले, चिपळूणच्या वाशिष्ठीवरच्या जुन्या पुलाचं नुकसान होऊन महामार्ग तुटला. यातून प्रवाशाने घ्यायची गोष्ट अशी: सावित्री आणि वाशिष्ठी या दोन्ही नद्यांवर भरतीचा परिणाम होतो. वर घाटमाथ्यावर कोसळता पाऊस आणि त्याच वेळी खाडीला मोठी भरती असेल तर पाणी उतरायला वाट राहत नाही आणि ते तासाभरात चढतं. म्हणून हवामान खात्याचा रेड किंवा ऑरेंज अलर्ट असेल त्या दिवशी भरतीची वेळही बघा. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासची उधाणाची भरती असेल आणि पाऊस थांबत नसेल तर पुढे जाण्याची घाई करू नका, अलीकडच्या गावात थांबा. रस्त्यावर पाणी वाहतंय आणि खालचा रस्ता दिसत नाही, तर पुढची एसटी गेली म्हणून आपण जायचं नाही. एसटीचं वजन आणि उंची वेगळी. तुमची हॅचबॅक फूटभर वाहत्या पाण्यातही तरंगू शकते.

पोलादपूरनंतर कशेडी. जुना घाट वळणांचा आणि अपघातांचा. आता सुमारे दोन किलोमीटरचा जोडबोगदा आहे आणि तुम्ही बोगद्यानेच जा. बोगद्याचे धोके वेगळे असतात, आणि शहरात शिकलेल्यांना ते माहीत नसतात. आत शिरण्याआधी गॉगल काढा, हेडलाइट लावा. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला काही सेकंद लागतात, तेवढ्यात पुढच्याशी अंतर वाढवून ठेवा. पावसाळ्यात आत पाणी झिरपतं, रस्ता ओला असतो. लेन बदलू नका, थांबून फोटो काढू नका. लोक काढतात म्हणून लिहितोय. बाहेर पडताना पलीकडे मुसळधार असू शकतो आणि काच एकदम धूसर होते. शेवटच्या शंभर मीटरवर वायपर आधीच चालू करा आणि एसीची हवा काचेकडे वळवून ठेवा.

पुढे भरणे नाका, लोटे, मग परशुराम घाट. लोटे आणि महाडच्या औद्योगिक वसाहतींमुळे रसायनांचे टँकर या पट्ट्यात कायम असतात. परशुराम घाट डोंगर कापून रुंद केलाय आणि तिथली माती अजून बसलेली नाही. २०२२ मध्ये कामासाठी तो दिवसातले काही तास बंद ठेवावा लागला होता. मुसळधार पावसात घाटात थांबायचं नाही, अगदी दरडीच्या बाजूला जागा रिकामी असली तरी. डोंगरातून येणारं पाणी अचानक गढूळ झालं, बारीक दगड रस्त्यावर पडलेले दिसले, झाड तिरकं झालेलं दिसलं, तर ती जागा लगेच सोडा. धबधबा दिसला की गाडी बाजूला घेऊन उतरणारे लोक नेमके याच ठिकाणी उभे असतात.

चिपळूण शहरात बहादूरशेख नाक्यावर उड्डाणपुलाचं काम चालू असताना ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याचा भाग कोसळला होता. महामार्गावर कुठेही पुलाचं काम चालू दिसलं की त्याखाली किंवा शेजारी रांगेत उभं राहण्यापेक्षा थोडं अलीकडे थांबा. पुढे सावर्डे, आरवली, संगमेश्वर हा टप्पा मला सगळ्यात जास्त सावध करतो. डायव्हर्जन अरुंद, कडेला मातीची उतरण, आणि डांबराची कड कधी कधी खालच्या मातीपेक्षा वीतभर उंच. समोरच्याला जागा द्यायला डावी चाकं खाली उतरली तर घाबरून स्टिअरिंग एकदम उजवीकडे ओढू नका; गाडी उसळी घेऊन थेट समोरच्या लेनमध्ये जाते. स्टिअरिंग घट्ट सरळ धरा, ॲक्सिलरेटर सोडा, वेग पंचवीस-तीसपर्यंत उतरू द्या आणि मग सावकाश वर घ्या. हे एकदा गावातल्या मोकळ्या रस्त्यावर करून बघा. वाचून हात शिकत नाहीत.

निवळी-हातखंबा भागात उतार आणि वळणं एकत्र येतात आणि टँकर उलटण्याचे प्रकार तिथे वारंवार होतात. लांज्याजवळ अंजणारी पुलावरून सप्टेंबर २०२२ मध्ये गॅसचा टँकर काजळी नदीत कोसळला तेव्हा महामार्ग बराच काळ बंद होता. समोर उलटलेला टँकर दिसला तर जवळ जाऊन बघू नका, व्हिडिओ काढू नका. गॅसचा वास किंवा जमिनीलगत पांढुरकं धुकं असेल तर इंजिन बंद करा, पुन्हा चालू करू नका, काडी-सिगारेट-फोन काही नको, आणि सगळ्यांना घेऊन वारा जिकडून येतोय त्या दिशेने, उंचावर, चालत दूर जा. गॅस हवेपेक्षा जड असतो, तो खोलगट जागेत साठतो.

राजापूर ओलांडून खारेपाटणला सिंधुदुर्ग सुरू झाला की रस्ता सुधारतो. तळेरे, नांदगाव, कणकवली, ओरोस, कुडाळ. रुंद काँक्रीट, दुभाजक. आणि इथेच माझी तुम्हाला सगळ्यात कळकळीची विनंती आहे. दहा-बारा तास गाडी चालवलेला माणूस इथे येतो, घर तासावर आलेलं असतं, रस्ता मोकळा मिळतो, आणि पाय आपोआप खाली जातो. पण हा रस्ता गावांच्या मधोमध जातो. दुभाजकात जागोजाग वाट सोडलेली असते, काही ठिकाणी लोकांनी स्वतःच केलेली. पलीकडे जायला एक किलोमीटरचा फेरा नको म्हणून दुचाकीस्वार उलट्या बाजूने येतो, तोही डाव्या कडेने, दिवा न लावता. शेतातून परतणाऱ्या बायका, शाळेची मुलं, मूर्ती घेऊन चालत निघालेली घरची मंडळी, सगळी संध्याकाळी याच रस्त्यावर असतात. चौपदरी दिसला म्हणून तो द्रुतगती मार्ग होत नाही. प्रत्येक फाट्याला, प्रत्येक एसटी थांब्याला वेग साठवर आणा. आणि काँक्रीटवर पाणी साठलं असेल तर स्टिअरिंग अचानक हलकं लागतं. चाक पाण्यावर तरंगतंय याची ती खूण आहे. तेव्हा ब्रेक दाबू नका, स्टिअरिंग वळवू नका, फक्त ॲक्सिलरेटर सोडा. पावसात क्रूझ कंट्रोल लावू नका.

ओव्हरटेकबद्दल. दुपदरी भागात पुढचा ट्रकवाला इंडिकेटर देऊन 'जा' म्हणतो ही जुनी रीत आहे आणि बहुतेक चालक चांगल्या मनानेच देतात. पण त्याला दिसतंय ते त्याच्या उंचीवरून, आणि तुमच्या गाडीत पाच माणसं नि सामान भरल्यावर ती किती सावकाश उचलते हे त्याला माहीत नाही. शिवाय तोच इंडिकेटर 'मी वळतोय' असंही सांगत असतो. स्वतःला समोरचा रस्ता मोकळा दिसल्याशिवाय बाहेर निघू नका. भरलेल्या लहान गाडीने चढावर ओव्हरटेक करू नका, बस. चालत्या गाडीत चारही इंडिकेटर लावायची जी सवय पावसात अनेकांना आहे तीही सोडा. मागच्याला तुम्ही वळणार आहात की थांबला आहात हे कळत नाही. पावसात हेडलाइट डिपरवर ठेवा, एवढं पुरतं.

कोल्हापूरमार्गाचं काय? पुणे-सातारा-कराड-कोल्हापूर रस्ता रुंद आहे हे खरं, पण कुडाळला तो लांब पडतो, साताऱ्यापुढे सहापदरीकरणाच्या कामाची डायव्हर्जन त्या रस्त्यानेही बघितली आहेत, आणि शेवटी सह्याद्री उतरायचा तो उतरायचाच. फोंडा किंवा आंबोली, दोन्ही घाट पावसाळ्यात धुक्याचे. आंबोली तर राज्यातल्या सर्वाधिक पावसाच्या ठिकाणांपैकी. गगनबावड्याचा करूळ घाट २०२४ मध्ये रुंदीकरणासाठी दीर्घकाळ बंद होता. दहा तास चालवून, अंधार पडताना, धुक्यात, पहिल्यांदा मोठा घाट उतरणं हे नव्या चालकाचं काम नाही. महामार्ग ६६ बंदच झाला आणि जावं लागलं, तर घाटाच्या तोंडाशी दुपारी चारच्या आत पोहोचता येईल अशा बेताने जा, नाहीतर कोल्हापुरात राहा. घाट उतरताना, तोच घाट चढायला जो गिअर लागेल तो ठेवा, दुसरा किंवा तिसरा. न्यूट्रल कधीही नाही. ब्रेकवर पाय सतत ठेवला तर तो तापून ढिला पडतो. चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्या, तसा नियमही आहे. महाडकडे जायला नकाशा वरंध घाट दाखवेल आणि पोलादपूरहून महाबळेश्वरकडे आंबेनळी. पावसाळ्यात दोन्हीकडे जाऊ नका.

गणपतीच्या दिवसांत शासन दरवर्षी अवजड वाहनांवर बंदीचा आदेश काढतं. त्यावर विसंबून राहू नका. दूध, इंधन, गॅस यांच्या गाड्यांना त्यात सूट असते, आणि बंदीचे तास संपले की बाजूला थांबलेले सगळे ट्रक एकदम सुटतात. ती वेळ बातम्यांत बघून ठेवा आणि तिच्या आधी किंवा नंतर तासभर चहाला थांबा.

आता गाडी. टायरच्या खाचांमध्ये आडव्या लहान उंचवट्यांच्या खुणा असतात. रबर झिजून त्यांच्या पातळीला आलं तर खोली १.६ मिलिमीटर उरली, म्हणजे कायद्याने टायर संपला. पावसाला मी तीन मिलिमीटरच्या खाली जाऊ देत नाही. टायरवरच्या चार अंकी आकड्यात आठवडा आणि वर्ष असतं. खाचा शाबूत असल्या तरी सहा-सात वर्षांचा टायर लांबच्या प्रवासाला नको. हवा भरताना पूर्ण भाराचा आकडा बघा, तो चालकाच्या दरवाज्याच्या कडेला छापलेला असतो. स्टेपनीची हवाही. वायपरचे रबर नवे घाला. काच आतून पुसा, कारण रात्री समोरच्या दिव्यात जी चकाकी येते ती बरीचशी आतल्या तेलकट थराची असते. आणि एक गोष्ट जवळजवळ कुणी करत नाही: मागे माणसं आणि सामान भरलं की गाडीचं नाक वर होतं आणि तुमचा डिपरही समोरच्याच्या डोळ्यांत जातो. स्टिअरिंगजवळ दिव्यांची उंची कमी-जास्त करायचं लहान चाक असतं, ते भाराप्रमाणे खाली आणा. सीएनजीची गाडी असेल तर पेट्रोलची टाकीही भरून घ्या. सणात सीएनजीच्या रांगा तासन्‌तास चालतात.

माणसं कशी बसवायची हे तुम्ही विचारलं नाहीत, पण तेच जास्त महत्त्वाचं आहे. मुलगी मांडीवर नको, पुढच्या सीटवर तर मुळीच नको. मागे चाइल्ड सीट लावा. मुलांना पट्टा किंवा चाइल्ड सीट हा कायदाही आहे, कलम १९४-बी. मांडीवरचं मूल धडकेच्या वेळी कुणाच्याही हातात राहत नाही, आईच्याही नाही. मागच्या तिघांनाही पट्टे. आईला पोटावर पट्टा टोचतो म्हणून त्या काढतील. तो पोटावर नाही, खाली कमरेच्या हाडावर बसवा, टोचणार नाही. पेणहून मूर्ती घेऊन जाणार असाल तर ती वडिलांच्या मांडीवर पुढच्या सीटवर ठेवू नका. भावना मला कळते, माझ्याही घरचा गणपती असाच येतो. पण एअरबॅग उघडते ती डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच, आणि तिच्या नि छातीच्या मधे मूर्ती असेल तर काय होईल ते लिहवत नाही. मूर्ती खोक्यात, कडेने गवत किंवा चादरी कोंबून, मागे डिकीत सपाट तळावर ठेवा. मागच्या काचेखालच्या फळीवर पाण्याच्या बाटल्या, नारळ, डबे ठेवू नका; करकचून ब्रेक लागला की ते डोक्यावर येतात.

काही झालंच तर हे तीन क्रमांक: ११२ पोलीस आणि सर्व आपत्कालीन मदत, १०८ रुग्णवाहिका, १०३३ राष्ट्रीय महामार्ग मदत. घाटांत रेंज जाते, म्हणून किलोमीटरचे दगड आणि गावांची नावं वाचत जायची जबाबदारी वडिलांना द्या. जागा सांगता आली तर मदत लवकर येते. गाडी बंद पडली तर चारही इंडिकेटर लावा, त्रिकोण निदान पन्नास मीटर मागे ठेवा, वळणावर त्याहून लांब, आणि सगळ्यांना उतरवून कठड्यापलीकडे उभं करा. गाडीत बसून राहू नका. दुसऱ्याचा अपघात दिसला तर मदत करायला घाबरू नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४-ए ने मदत करणाऱ्याला संरक्षण दिलंय, तुमचं नाव-गाव सांगायचीही सक्ती नाही. आणि मे २०२५ पासून अपघातग्रस्ताला नियुक्त रुग्णालयात पहिले सात दिवस दीड लाख रुपयांपर्यंत रोख न भरता उपचार मिळण्याची योजना लागू आहे. हे नातेवाइकांना माहीत नसतं आणि पैशांच्या जमवाजमवीत पहिला तास जातो. जखमीला स्वतः ओढून काढू नका; आग किंवा पाण्याचा धोका असेल तरच, आणि मान हलू न देता.

थांबे आधीच ठरवा: वाकण किंवा कोलाड, महाड, भरणे नाका, चिपळूण, हातखंबा, तळेरे. दोन तासांच्या वर सलग चालवू नका. पत्नीला गाडी येत असेल तर चौपदरी भाग त्यांना द्या, डायव्हर्जनचे भाग तुम्ही घ्या, किंवा उलट. पण अदलाबदल थकव्याच्या आधी करा.

परतीचंही आत्ताच ठरवा. जाताना सगळे काळजी घेतात. येताना पाच दिवसांचं जागरण, भजनं, विसर्जनाची धावपळ अंगात असते आणि सोमवारी ऑफिस असतं. विसर्जन करून रात्रीच निघणाऱ्या गाड्या मी दरवर्षी बघतो. तुम्ही विसर्जनाची रात्र गावी झोपा, एक रजा जास्तीची टाका, आणि दुसऱ्या पहाटे निघण्याआधी टायर, वायपर आणि दिवे पुन्हा बघा, कारण जातानाच्या खड्ड्यांनी टायरच्या बाजूला फुगवटा आला असेल तर तो गावातल्या अंगणात दिसतो, महामार्गावर नाही.